जुन्या बोटीला भाव कशाचा?

बोट जुनी झाली की तिची किंमत उतरते, हे कोणीही सांगेल. ती किती उतरते, कुठे येऊन थांबते आणि काही बोटींना चाळीस वर्षांनंतरही गिऱ्हाईक का शोधावं लागत नाही, हे मात्र बोटीच्या वयावरून कळत नाही. युरोप-अमेरिकेत शिडाच्या यॉट आणि मोटरबोटी यांचा जुना बाजार गेली सहा दशकं तेजीमंदीतून चालत आला आहे. तिथले सौदे, फसलेले लिलाव, करांचे खेळ आणि वादळांनंतरची पडझड पाहिली, तर माझं मत असं बनतं की विक्रीची किंमत बोटीच्या अंगात फार थोडी असते. ती बोटीच्या अवतीभोवती असते : तिच्या कागदांत, विम्यात, नांगरायच्या जागेत आणि आधीच्या मालकाच्या सवयींत.

याची सुरुवात फायबर ग्लासपासून करायला हवी, कारण त्याआधी जुन्या बोटींचा असा मोठा बाजारच नव्हता. लाकडी बोटीला ठरावीक आयुष्य असे आणि ते वाढवायचं तर दरवर्षी सुताराला बोलवावं लागे. 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ऱ्होड आयलंडच्या पिअर्सन चुलतभावांनी कार्ल अल्बर्गने आखलेली 28 फुटी ‘ट्रायटन’ मांडली आणि साच्यातून निघणारी यॉट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. या नव्या मालाची ताकद किती, हे तेव्हा कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून कारागिरांनी थरांवर थर चढवले. त्या काळातल्या कितीतरी बोटींचे सांगाडे आजही धडधाकट आहेत. त्यातूनच बाजाराची आजची मुख्य अडचण उभी राहिली : बोटी मरत नाहीत. मोटारगाडी पंधरा-वीस वर्षांत भंगारात जाते आणि नव्या गाडीला जागा करून देते. फायबरची बोट पन्नास वर्षं तरंगत राहते, आणि दरवर्षी कारखान्यातून निघणाऱ्या नव्या बोटीला तिच्याशी स्पर्धा करावी लागते.

अर्थात फायबरही अगदीच निर्दोष नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात बांधलेल्या अनेक बोटींच्या तळाला पाण्याखाली फोड आले. बाहेरच्या थरातून पाणी आत झिरपतं, आतल्या रसायनांत मिसळतं, दाब वाढतो आणि फोड उठतो. या ‘ऑस्मॉसिस’चा एके काळी इतका धसका होता की बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरने अहवालात तो शब्द लिहिला की सौदा मोडायचा. पुढे अनुभवाने कळलं की फोड आलेली बोट सहसा बुडत नाही. तळ खरवडून, महिनोन्महिने वाळवून, इपॉक्सीचे थर दिले की ती पुन्हा वापरात येते. आता तेवढ्यावरून गिऱ्हाईक पळून जात नाही, किंमत मात्र पाडून मागतं. त्याहून मोठी डोकेदुखी डेकची असते. वजन कमी ठेवायला डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड भरतात. एखाद्या सैल स्क्रूतून तिथे पाणी गेलं की ते लाकूड आतल्या आत कुजतं, आणि वरून काहीही दिसत नाही. वरती सागवानी फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर तशी शेकडो भोकं असतात. नव्या बोटीवर सागवानी डेक पाहून माणूस हरखतो. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच डेकमुळे भाव पाडला जातो, कारण तो काढून नवा बसवायचा खर्च जुन्या बोटीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाइतका येऊ शकतो.

आता घसरणीचा आलेख. कारखान्यात तयार होणाऱ्या साध्या यॉटची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने उतरते. नव्या बोटीच्या बिलात वितरकाचा नफा, कारखान्यापासून बंदरापर्यंतची वाहतूक, डोलकाठी उभारणं, पाण्यात सोडणं आणि मालकाने हौसेने निवडलेल्या जादा वस्तू असतात. दुसऱ्या मालकाला यातल्या कशाचेही वेगळे पैसे द्यायचे नसतात. पाच ते दहा वर्षांच्या टप्प्यात घसरण संथ होते, आणि पंधरा-वीस वर्षांनंतर आलेख जवळजवळ सपाट होतो. या सपाट भागावर आलेली, नीट राखलेली बोट पाच वर्षं वापरून घेतली त्याच आकड्याला विकल्याची उदाहरणं मिळतात, आणि ‘बोटीत पैसे बुडत नाहीत’ अशी समजूत त्यांच्यावरच उभी आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. समजा 1990 मध्ये कोणी ब्रिटनमध्ये 30 हजार पौंडांना यॉट घेतली आणि 2020 मध्ये ती 30 हजारांनाच विकली. कागदावर तोटा शून्य. पण या तीस वर्षांत तिथल्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या, म्हणजे हातात आलेल्या पैशांची खरेदीची ताकद निम्म्यावर आली. शिवाय तीस वर्षं मरिनाचं, म्हणजे बोट ठेवायच्या धक्क्याचं भाडं, विमा, तळाचा रंग, शिडं, दोर, इंजिन यांवर खर्च झालाच. बोटीच्या किमतीच्या सुमारे एक दशांश रक्कम दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवावी, असा तिकडचा जुना ठोकताळा आहे. तो स्वस्त जुन्या बोटीला तर मुळीच पुरत नाही, कारण पस्तीस फुटी बोटीचं मरिनाभाडं ती किती किमतीची आहे हे पाहून ठरत नाही, लांबी पाहून ठरतं. मग दहा हजार पौंडांच्या बोटीला वर्षाकाठी चार-पाच हजार पौंड लागतात, आणि नवा मालक दोन उन्हाळ्यांतच शहाणा होतो.

जुन्या बोटीत ओतलेला पैसा परत येत नाही, ही या बाजारातली सर्वांत कठोर गोष्ट आहे आणि ती विकत घेणाऱ्याला आधी कोणी सांगत नाही. नवं डिझेल इंजिन, नवी शिडं, नवं रडार, चार्टप्लॉटर, सोलर पॅनेल असं सगळं घालून मालक यादी करतो आणि बेरीज विक्रीच्या किमतीत धरतो. गिऱ्हाईक मात्र तशाच दुसऱ्या बोटीचा बाजारभाव पाहतं आणि नव्या इंजिनासाठी फार तर थोडे वर देतं. इलेक्ट्रॉनिक वस्तू तर दहा वर्षांत मोजदादीतूनच जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब इथे शब्दशः लागू पडतो. तरीही ती देखभाल वाया जात नाही. तिच्यामुळे बोट विकली जाते, आणि लवकर विकली जाते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्यात असा विमा कंपन्यांचा आग्रह असतो. त्या बदलल्याची पावती असलेली बोट आणि नसलेली बोट शेजारी उभ्या असल्या, तर पहिली महिनाभरात जाते आणि दुसरी हिवाळाभर धक्क्यावर पडून राहते. पावत्यांची जाडजूड फाइल जपणारा मालक हा या धंद्यातला सर्वांत भरवशाचा माणूस, असं मला वाटतं. सर्व्हेअर हातोडीने टकटक करत तळ तपासतो, ओलावा मोजणारं यंत्र लावतो, पण तळाशी साचलेल्या पाण्यापर्यंत हात घालून कोण कधी स्वच्छता करत होतं, ते त्या फाइलमधूनच कळतं.

नाव आणि कूळ यांनाही मोल आहे, पण ते कमवावं लागतं, आणि बऱ्याचदा एखाद्या संकटातूनच कमावलं जातं. ऑगस्ट 1979 मध्ये फास्टनेट या यॉटशर्यतीवर वादळ कोसळलं, पंधरा स्पर्धकांचा बळी गेला. त्या शर्यतीत सर्वांत लहान गटातली एकच यॉट शर्यत पूर्ण करून परतली, ती ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा 32. डेव्हिड सॅडलरची आखणी, लिमिंग्टनच्या जेरेमी रॉजर्सच्या कारखान्यातली बांधणी. आजच्या मापाने ही बोट आतून अरुंद आहे, केबिनमध्ये चार माणसं दाटीवाटीने बसतात. तरी तिला मागणी आहे, कारण घेणाऱ्याच्या मनात केबिनच्या ऐसपैसपणाहून ते वादळ मोठं असतं. फिनलंडच्या पिएतारसारीमध्ये पेक्का कोस्केंकिलाने 1966 मध्ये सुरू केलेल्या नॉटरच्या ‘स्वान’ यॉट किंवा स्वीडनमधल्या ओरुस्त बेटावरच्या एल्लोस गावातली हॉलबर्ग-रासी, यांचंही तसंच. या बोटी नव्या घेताना महाग असतात आणि जुन्या घेतानाही महागच राहतात. टक्क्यांत पाहिलं तर त्यांची घसरण कमी असते. रकमेत पाहिलं तर मात्र साध्या बोटीच्या मालकापेक्षा यांचा मालक जास्त पैसे गमावू शकतो, आणि हा फरक जाहिरातीत कधी सांगितला जात नाही.

याच वर्गातलं एक ताजं उदाहरण कोकण-गोव्याच्या वाचकाला जवळचं वाटेल. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत सागवानात ‘सुहैली’ बांधून घेतली. पुढे जगाला एकट्याने न थांबता वळसा घालण्यासाठी त्यांना मोठी नवी बोट हवी होती. तिच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून 32 फुटी ‘सुहैली’च घेऊन ते 14 जून 1968 रोजी निघाले आणि 22 एप्रिल 1969 रोजी परतले. ती सफर ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत झाली, ती शर्यत पन्नाशीनिमित्त 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा नियम ठरला : बोट 32 ते 36 फुटांची, लांब कण्याची आणि 1988 पूर्वी आखलेली हवी. या एका नियमाने ज्या बोटी जुनाट म्हणून धक्क्यावर पडल्या होत्या त्यांच्याकडे जगाचं लक्ष गेलं. रस्टलर 36 ही इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली बोट त्यातली सर्वांत मागणीची ठरली. 2018 ची शर्यत ज्याँ-ल्यूक व्हान देन हीद यांनी तिच्यावर जिंकली. त्याच शर्यतीत आपले अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’वर होते. ‘सुहैली’च्या आराखड्यावरून घडवलेली ही बोट दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी गमावून बसली आणि ती समुद्रातच सोडावी लागली. पुढच्या शर्यतीत टॉमींनी ‘बायानत’ ही रस्टलर 36 निवडली आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरा क्रमांक मिळवला. शर्यतीचा एक नियम जुन्या बोटीचा भाव कसा वर नेतो, हे यातून दिसतं.

नियम बदलला की भाव खालीही येतो. 1970 च्या दशकात आयओआर या मोजणीपद्धतीनुसार आखलेल्या शर्यतीच्या यॉटचा मागचा भाग निमुळता असे, कारण त्याने गुण सोयीचे मिळत. ती पद्धत गेली आणि या बोटी एकदम पोरक्या झाल्या. शर्यतीत जिंकता येत नाही, सहलीला आरामदायी नाहीत. उलट 1977 ची जे/24 बघा : पाच हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, सगळ्या एकाच साच्याच्या, नियम जवळजवळ गोठवलेले. त्यामुळे जुनी जे/24 स्वस्त असली तरी आजही शर्यतीत उतरू शकते आणि म्हणून विकली जाते. व्हॉन्दे ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतल्या साठ फुटी बोटींचा बाजार तर चार वर्षांच्या तालावर चालतो : शर्यत संपली की बोटी विकायला निघतात, पुढची जवळ आली की महागतात.

कारखान्याची बदनामीही भावात उतरते. मे 2014 मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी रफिकी’ या यॉटची कील, म्हणजे तळाचा जड कणा, निखळली आणि चौघांचा जीव गेला. ब्रिटिश चौकशी अहवालाने लक्ष वेधलं ते कील बसवलेल्या जागेकडे. बोट आधी कधी खडकावर किंवा वाळूत आपटली असेल तर आतले जोड सुटलेले बाहेरून दिसत नाहीत, असं त्या अहवालातून पुढे आलं. तेव्हापासून जाणतं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं : बोट कधी टेकली होती का? 2015 मध्ये स्पेनजवळ ‘पोलिना स्टार 3’ ही ऑयस्टर कंपनीची यॉट कील गमावून बुडाली. फेब्रुवारी 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि महिनाभरात नव्या मालकाने ती उभी केली. असं झालं की बांधणी चालू असलेल्या बोटींबरोबर आधी विकलेल्या बोटींच्या मालकांचेही हाल होतात, कारण सुट्या भागांचा आणि आधाराचा भरवसा कंपनीबरोबरच डळमळतो.

कागदांकडे येतो. जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का हे आपण आधी बघतो. बोटीच्या बाबतीत हे करणं जास्त गरजेचं आहे, कारण सागरी कायद्यात खलाशांचा थकलेला पगार, बचावाचा खर्च, काही देशांत दुरुस्तीचं बिलही, असे काही बोजे मालकावर नव्हे तर थेट जहाजावरच बसतात आणि विक्रीनंतरही त्याला चिकटून राहतात. ब्रिटनमध्ये नोंदणीचे वेगवेगळे भाग आहेत. पहिल्या भागात बोटीचे 64 हिस्से मानतात, मालकी आणि गहाण दोन्ही नोंदवतात. लहान बोटींसाठीच्या सोप्या नोंदणीत मात्र मालकीचा पुरावाही नाही आणि गहाणाची नोंदही नाही. नोंदणीचं कार्ड बघून निश्चिंत झालेलं गिऱ्हाईक इथेच फसतं.

विजय मल्ल्या यांची 95 मीटरची ‘इंडियन एम्प्रेस’ आठवते का? खलाशांचे पगार थकले आणि मार्च 2018 मध्ये माल्टाच्या बंदरात ती अडकवण्यात आली. पहिल्या लिलावात 4 कोटी 35 लाख युरोची बोली लागली, पण ती रक्कम भरलीच गेली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोट 3 कोटी 50 लाख युरोंना गेली. अँटिगामध्ये सोडून दिलेल्या ‘अल्फा नीरो’ची कथा जवळजवळ तशीच. 2023 च्या लिलावात गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनी 6 कोटी 76 लाख डॉलर देऊ केले, मालकीवरचा न्यायालयीन वाद पाहून माघार घेतली, आणि 2024 मध्ये ती 4 कोटी डॉलरला विकली गेली. दरम्यान खलाशांचा पगार, डिझेल आणि विमा अँटिगाचं सरकार भरत होतं. ऐंशी-नव्वद मीटरच्या यॉटला खरेदीदार जगभरात मोजके असतात, आणि घाई झालेल्या विक्रेत्याला त्यांपैकी एकही दया दाखवत नाही.

कर हा तर बोटीच्या भावाचा अदृश्य मालकच. अमेरिकेत 1 जानेवारी 1991 पासून एक लाख डॉलरवरच्या किमतीच्या नव्या बोटीवर, त्या मर्यादेच्या वरच्या रकमेवर 10 टक्के चैनकर लागला. तो जुन्या बोटींना नव्हता. परिणाम असा झाला की श्रीमंतांनी नव्या बोटी घेणं थांबवलं. काहींनी जुन्या घेतल्या, काहींनी वाट पाहिली, आणि झळ बसली ती कारखान्यातल्या सुतारांना आणि फायबर चढवणाऱ्या कामगारांना. ऑगस्ट 1993 मध्ये तो कर मागे घेतला गेला. युरोपात प्रश्न वेगळा : बोटीवर मूल्यवर्धित कर भरला आहे का, हे दाखवता आलं पाहिजे. 1985 पूर्वीपासून वापरात असलेली आणि 1992 च्या शेवटच्या दिवशी युरोपीय समुदायात असलेली बोट कर भरलेली मानली जाते. बाकीच्यांना मूळ पावती हवी, आणि ती चार मालकांच्या फायलींत फिरत हरवलेली असते. ब्रेक्झिटने त्यात भर घातली. 31 डिसेंबर 2020 च्या रात्री बोट ब्रिटनच्या पाण्यात होती की युरोपीय संघाच्या, यावर तिचा कर-दर्जा ठरला. त्या रात्री इंग्लंडच्या सोलंट खाडीत नांगरलेली बोट युरोपीय गिऱ्हाइकाला विकायची तर आयातकर आणि त्याबरोबरचा खर्च आला. तीच बोट इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर असती तर चिंता नव्हती. सांगाडा तोच, इंजिन तेच, फरक फक्त एका रात्रीच्या नांगराचा.

जागेचा हा परिणाम इतरत्रही दिसतो. प्रशांत महासागर ओलांडून आलेले युरोपीय खलाशी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पोहोचतात, तेव्हा उलटा प्रवास परवडत नाही म्हणून बोट तिथेच विकायचं ठरवतात. ऑस्ट्रेलियात आयात करायची तर 10 टक्के वस्तू-सेवा कर आणि बऱ्याच बोटींवर 5 टक्के आयातशुल्क, म्हणून तिथलं गिऱ्हाईक भाव तेवढा पाडतं. पनामाजवळ किंवा कॅरिबियनच्या एखाद्या बेटावर सोडलेली बोट त्याहून स्वस्त मिळते, पण ती जिथे आहे तिथे जाऊन तपासायचा आणि घरी आणायचा खर्च त्या स्वस्ताईत मोजायला हवा.

आणि विमा. अलीकडच्या काळात भावावर सर्वांत जास्त वजन विम्याचं आहे, असं मला वाटतं, आणि तरी त्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांत भाड्याने चालणाऱ्या बोटींचा ताफा उद्ध्वस्त केला. सप्टेंबर 2022 मध्ये इयनने फ्लोरिडाच्या बंदरांत यॉटींचे ढीग रचले. त्यानंतर विमा कंपन्यांनी अटी आवळल्या : वादळी महिन्यांत बोट ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेला हवी, जुन्या बोटीचा ताजा सर्व्हे हवा, तारा बदललेल्या हव्यात, मालकाकडे तेवढ्या आकाराच्या बोटीचा अनुभव हवा. विमा नाही तर बहुतेक मरिना जागा देत नाहीत. जागा नाही तर बोट विकत घेऊन करायचं काय? फ्लोरिडातली तीस वर्षांची, उत्तम स्थितीतली यॉटसुद्धा या साखळीत अडकते. सिमेंटच्या आणि घरी बांधलेल्या बोटींना तर हा दरवाजा आधीपासूनच बंद होता, म्हणूनच त्या मजबूत असल्या तरी मातीमोल जातात.

या सगळ्यात एक अपवादात्मक काळ मध्ये येऊन गेला. 2020-21 मध्ये कोविडच्या बंदीत लोकांना समुद्र हाच एकमेव मोकळा रस्ता वाटला. नव्या बोटींना दोन-दोन वर्षांची प्रतीक्षायादी लागली, आणि वापरलेल्या तीन-चार वर्षांच्या बोटी नव्याच्या किमतीला, क्वचित त्याहूनही जास्त किमतीला विकल्या गेल्या. त्या भावाला घेणाऱ्यांना पुढचा धक्का बसला. व्याजदर चढले, मागणी ओसरली, आणि 2024 पर्यंत बेनेटोसारख्या मोठ्या बोटबांधणी कंपन्यांच्या उलाढालीतही मोठी घट दिसली. 2008 नंतरही असंच झालं होतं. कर्जावर घेतलेल्या मोटरबोटी बँकांनी ओढून नेल्या, आणि अमेरिकेतली जेनमार ही बडी कंपनी जून 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली. मोटरबोटींना अशा मंदीचा फटका शिडाच्या बोटींहून जास्त बसतो, कारण इंधनाचा खर्च आधी छाटला जातो.

आपल्याकडे यॉटींचा जुना बाजार आहेच किती? मुंबईत मरिनाची सोय अजून तोकडी आहे. गेटवेसमोर नांगरलेल्या यॉट जून उजाडला की पावसाळ्यासाठी खाड्यांत नाहीतर जमिनीवर हलवाव्या लागतात, आणि तो वार्षिक खर्च विकत घेणाऱ्याच्या डोक्यात आधीच असतो. सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या यॉटवर वस्तू-सेवा कर 40 टक्के झाला आहे. अशा करात नवी यॉट घेणारे थोडे, त्यामुळे काही वर्षांनी जुन्या यॉट विकायला काढणारेही थोडेच राहणार. खरा जुना बाजार आहे तो मच्छीमार बोटींचा, आणि तिथे भावाचं गणित यॉटींहूनही स्पष्ट आहे. 1 जून ते 31 जुलैच्या बंदीकाळात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हाच पुष्कळ सौदे ठरतात. तांडेल आधी इंजिन बघतो, मग परवाना. पर्ससीन मासेमारीच्या परवान्यांची संख्या कमी करायचं राज्य शासनाने फेब्रुवारी 2016 मध्ये ठरवलं, तेव्हापासून कागदाचं वजन लाकडाहून जास्त झालं आहे. चांगली बोट पण परवान्याचा पत्ता नाही, तर ती कोण घेणार?

शेवटचा टप्पा हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. पन्नास वर्षांची, तीस फुटांखालची, इंजिन बंद पडलेली बोट आज युरोपात फुकट देऊनही कोणी नेत नाही. 1970 च्या दशकात ज्यांनी या बोटी हौसेने घेतल्या ती पिढी वयस्क झाली आहे आणि मुलांना समुद्रापेक्षा सुटी महत्त्वाची वाटते, तीही भाड्याच्या बोटीवर. फायबर ग्लास वितळवून पुन्हा वापरता येत नाही, तो कापावा लागतो, आणि कापण्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर? कोणी बोट खाडीत सोडून जातं, कोणी तिची नावपट्टी खरवडून टाकतं, आणि मग बंदराला किंवा गावाला ती उचलावी लागते. म्हणजे इथे बोटीची किंमत शून्याच्याही खाली जाते. फ्रान्सने यावर तोडगा काढला. 2019 पासून ‘अपेर’ ही संस्था नव्या बोटींच्या विक्रीतून उत्पादकांकडून पैसे घेते आणि जुन्या हौशी बोटी मालकाकडून पैसे न घेता मोडीत काढते, फक्त तिथपर्यंत आणून द्यायचा खर्च मालकाचा. बोट विकली जाते त्या क्षणीच तिच्या अंत्यविधीचे पैसे बाजूला काढलेले असतात.

कोकण किनाऱ्यावरही आता फायबरच्या बोटी वाढत चालल्या आहेत, आणि लाकडी होड्यांप्रमाणे त्या मातीत मिसळणार नाहीत. आणखी वीस वर्षांनी करंज्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रत्येक खाडीत त्यांचे सांगाडे वाळूत रुतलेले दिसू लागतील, त्याआधी नोंदणीच्या वेळीच अशी थोडी रक्कम घेणारा नियम राज्याने करावा, आणि त्याची वसुली मच्छीमाराच्या खिशातून नव्हे तर बोट विकणाऱ्या कारखान्याच्या बिलातून व्हावी.